‘इंजन गेलं’ म्हणून बाजूला काढलेली गवताची गाडी: परभणी जिल्ह्यातलं एक दुरुस्ती प्रकरण

मैदान साडेतीन एकरांचं. एका कडेला शाळा, दुसऱ्या कडेला कनिष्ठ महाविद्यालय. मधल्या मोकळ्या जागेत हराळी आणि नागरमोथा, कुंपणाच्या बाजूने गाजरगवत. मृगाचा पाऊस नीट लागला की थोड्याच दिवसांत हे सगळं गुडघ्याला येतं. परभणी जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी असलेल्या या शिक्षणसंस्थेने काही वर्षांपूर्वी वाळूजच्या एका कारखान्याकडून बसून चालवायची जुनी गवतकापणी गाडी विकत घेतली होती. गाडी अमेरिकी बनावटीची, एका सिलिंडरचं साधारण ५०० सीसीचं पेट्रोल इंजिन, पोटाखाली ४२ इंची डेक आणि त्यात दोन पाती. मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवतो. संस्थेच्या सचिवांनी मला बोलावलं तेव्हा १५ ऑगस्टचं झेंडावंदन वाढलेल्या गवतातच उरकलं होतं आणि १७ सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाआधी मैदान साफ हवं होतं.

हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे, कारण अशा गाड्या आता आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी आहेत. शेंद्रा-वाळूजच्या कारखान्यांची आवारं, क्रीडासंकुलं, मंगल कार्यालयांचे लॉन, एखाद्याचं फार्महाऊस. घेताना कुणी ना कुणी विकणारा भेटतो. बंद पडल्यावर मात्र ‘याचा मिस्त्री इथं नाही’ एवढंच ऐकायला मिळतं, आणि बरी चालू शकणारी यंत्रं पत्र्याच्या शेडमध्ये गंजत पडतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण मिस्त्री इथे आहेत. ते एका दुकानात एकत्र बसलेले नाहीत, इतकंच.

गाडी आली तेव्हाची अवस्था

तक्रार अशी होती: चावी फिरवली की स्टार्टर एक झटका घेतो, इंजिन अर्धा वेढा फिरतं आणि अडतं. पुन्हा चावी दिली की पुन्हा तेच. कधीतरी अडलेली जागा ओलांडून इंजिन सुरू व्हायचंही, पण ते थांबत थांबत, धाप लागल्यासारखं चालायचं. मैदानावर काम करणारे माळीमामा सांगत होते, “सर, फिरायलंय बगा, पर मधीच कुणी धरल्यावानी थांबतंय.” या एका वाक्यात निम्मं निदान होतं. आधी येऊन गेलेल्यांनी ते नीट ऐकून घेतलं असतं तर बराच खर्च वाचला असता.

कारण खर्च आधीच झाला होता. पहिल्याने बॅटरी गेली म्हणून सांगितलं, नवी बॅटरी बसवली. फरक पडला नाही, म्हणून स्टार्टर मोटार वाइंडिंगला गेली. तरीही तेच. मग मोठ्या शहरातल्या एका विक्रेत्याकडे फोनवर विचारणा झाली. तिकडून उत्तर आलं की क्रँक (पिस्टनने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) जाम व्हायला लागली आहे, इंजिनच बदलावं लागेल. इंजिनाचे नव्वद हजारांच्या आसपास आणि गाडी तिकडे नेण्या-आणण्याचं टेम्पोभाडं वेगळं. गाडी न बघता दिलेला हा शेरा संस्थेच्या बैठकीत तसाच नोंदवला गेला. नवी गाडी घ्यायची तर रक्कम काही लाखांत जाते. पाठीवर अडकवायचे ब्रशकटर घेण्याचाही विचार झाला होता. कुंपणाच्या कडेला आणि झाडांच्या बुंध्याशी ते उत्तम चालतात, पण साडेतीन एकर मैदान पावसाळाभर ब्रशकटरने कापत राहायचं म्हणजे त्या माणसाच्या पाठीचा विचारच करायचा नाही. तो पर्याय मी सचिवांसमोर तिथेच नाकारला.

आधी मोजमाप, मग पाना

कुठल्याही गाडीचं मॉडेल शोधण्याआधी इंजिनावरचा नंबर शोधावा. गाडीवर रंगवलेलं नाव एका कंपनीचं असतं आणि इंजिन बहुतेक वेळा दुसरीच कंपनी बनवते: ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन, कोहलर, कावासाकी, होंडा. सुटे भाग इंजिनाच्या नंबरावर मिळतात. ब्रिग्जच्या इंजिनावर मॉडेल, टाइप आणि कोड असे तीन आकडे पत्र्यावर ठोकलेले असतात. मॉडेलच्या पहिल्या दोन आकड्यांवरून सिलिंडरचं आकारमान घनइंचांत समजतं आणि कोडच्या सुरुवातीला बनावटीचं वर्ष, महिना, दिवस असतो. दुसऱ्या कंपन्यांची पद्धत वेगळी, पण नंबर असतोच. आमच्या इंजिनावरचा नंबर तेलकट धुळीखाली गेला होता. डिझेलचा फडका मारून तो वाचला, मोबाइलवर फोटो काढला आणि पुढची सगळी खरेदी त्याच फोटोवर झाली.

मग बॅटरी. मल्टीमीटरवर स्थिर अवस्थेत १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. चावी दिल्यावर स्टार्टर अडतो त्या क्षणीही व्होल्टेज १० च्या वर राहत होतं. बॅटरीपासून स्टार्टरपर्यंतच्या जाड वायरीत आणि अर्थच्या बाजूला होणारी घट अर्ध्या व्होल्टच्या आत होती. म्हणजे वीज पुरेशी पोहोचत होती.

त्यानंतर स्पार्क प्लग काढला आणि चावी दिली. इंजिन सरसर फिरलं, कुठेही अडकलं नाही. या एका चाचणीत क्रँक जाम असल्याची गोष्ट निकालात निघाली, कारण जाम क्रँक प्लग काढल्याने सुटत नाही. स्टार्टर हरत होता तो सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेपुढे. आयटीआयची मुलं सोबत होती. त्यांना मी हे दोनदा करायला लावलं, प्लग घालून आणि प्लग काढून, कारण हे हाताला एकदा समजलं की जन्मभर विसरत नाही.

आता खरी गोम. पाचशे सीसीच्या एकाच सिलिंडरमधली हवा पूर्ण दाबायची तर मोठा स्टार्टर आणि मोठी बॅटरी लागेल. ते टाळण्यासाठी या इंजिनांच्या कॅमशाफ्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर, एक छोटी सोय केलेली असते. सुरू करताना, वेग कमी असतो तेव्हा, ती एका व्हॉल्व्हला दाबाच्या फेरीत किंचित उचलून धरते आणि थोडी हवा निसटू देते. इंजिनाने वेग घेतला की ही सोय आपोआप बाजूला होते. उचल अगदी थोडी, मिलिमीटरच्याही अंशात. टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट, वाढत गेला की ही सगळी उचल त्या गॅपमध्येच संपते, व्हॉल्व्ह हलतच नाही आणि स्टार्टरसमोर पूर्ण दाब उभा राहतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की बॅटरी कमजोर आहे.

हे ओळखायला महाग यंत्र लागत नाही, फीलर गेज लागतो, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा जुडगा. वरचं झाकण काढलं. पिस्टन दाबाच्या फेरीत अगदी वर आणून तिथून पुढे पाव इंच खाली जाऊ दिला, म्हणजे कॅमवरचा तो उंचवटा मोजमापात येत नाही. मग त्या फटीत गेजच्या पात्या सरकवल्या. या प्रकारच्या इंजिनात गॅप साधारण ०.१ ते ०.२ मिमीच्या दरम्यान असायला हवा. इनटेक (आत घेणाऱ्या) आणि एक्झॉस्ट (धूर सोडणाऱ्या) व्हॉल्व्हचा नेमका आकडा मॉडेलच्या पुस्तिकेत बघावा. आमच्या इथे इनटेकला गेजची ०.३५ ची पाती सैल जात होती. झाकण उघडलंच आहे तर पुशरॉड (रॉकरला ढकलणारा दांडा) वाकलाय का आणि रॉकरचा बोल्ट ढिला आहे का हेही बघितलं. दोन्ही ठीक होते.

टॅपेट मारणारा हात

इथून पुढे मी मुद्दाम गावातल्या मिस्त्रीकडे गेलो. मोंढ्याच्या मागे बुलेट दुरुस्त करणारे एक वयस्कर मिस्त्री आहेत. टॅपेट मारण्यात त्यांचा हात असा बसलाय की ते गेज नंतर घालतात आणि आकडा आधी सांगतात. सुरुवातीला ते तयार नव्हते. “सायेब, आपुन ही गाडी कदी खोलली नाही,” म्हणाले. मी त्यांना म्हटलं, काका, गाडी बघूच नका, फक्त हेड बघा. दोन व्हॉल्व्ह, दोन पुशरॉड, दोन रॉकर. त्यांनी झाकणाच्या आत नजर टाकली, हसले आणि पाना मागितला. गॅप बसवायला त्यांना चहा निवेपर्यंतचा वेळ लागला. झाकणाचं पॅकिंग जुनं होतं, ते त्यांनी शीटमधून कापून दिलं. प्लग घातला, चावी दिली, आणि इंजिन कुठेही न अडता फिरलं.

ज्या गोष्टीला नव्वद हजारांचा दर लागला होता ती या एका समायोजनात सुटली. मजुरी त्यांनी मागितली त्यापेक्षा आम्ही जास्त दिली, आणि ते योग्यच होतं. आपल्याकडे सुटा भाग महाग असला तर पैसे काढले जातात, पण जाणत्या हाताला पैसे द्यायची वेळ आली की घासाघीस होते. स्वस्त दुरुस्ती म्हणजे मिस्त्रीला कमी देणं, असा अर्थ कुणी घेऊ नये.

थांबत थांबत का चालत होतं

ही दुसरी तक्रार पेट्रोलची होती. आपल्याकडे पावसाळा सरला की गवताची वाढ थांबते, आणि पाणी देऊन हिरवळ राखायची नसेल तर गाडी दिवाळीपासून जूनपर्यंत उभी असते. टाकीतलं पेट्रोल तसंच. देशात पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट २०२२ मध्ये गाठलं गेलं आणि २०२५ पर्यंत हे प्रमाण २० टक्क्यांवर आलं. या जुन्या इंजिनांच्या पुस्तिकांत कमाल १० टक्के लिहिलेलं असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पाणी मिसळत गेलं की ते पाणी आणि इथेनॉल खाली वेगळं बसतं, कार्ब्युरेटरच्या वाटीत पांढरट-हिरवट थर धरतो, जुने रबरी पाइप आणि सील फुगतात किंवा तडकतात. आमच्या वाटीत नेमका असाच थर होता आणि मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, निम्मं बुजलं होतं.

कार्ब्युरेटर क्लीनर आणि हवेचा दाब देऊन जेट मोकळं केलं. जेटमध्ये तार घालू नये. पितळ मऊ असतं, भोक वाढतं आणि मग गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. पॅकिंग आणि नीडलचा किट इंजिनाच्या नंबरावर ऑनलाइन मिळाला, साधारण तेराशेला. वाटीच्या तळाशी पेट्रोल बंद करणारा विजेवरचा सोलेनॉइड असतो, त्याला थेट १२ व्होल्ट देऊन ‘टिक’ ऐकू येते का बघितलं, येत होती. पेट्रोलचा पाइप नवा टाकला.

इंजिनावरचं पत्र्याचं आवरण काढल्यावर उंदरांनी केलेलं घरटं निघालं, गवत आणि चिंध्यांचं, थेट सिलिंडरच्या पंखांत (थंड होण्यासाठी असलेल्या पातळ कडांत) कोंबलेलं. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात हे फार घातक. आपल्याकडे ऑक्टोबरच्या उन्हात गाडी चालवायची आणि पंखांतून वारा जाणार नाही, म्हणजे हेड तापून व्हॉल्व्ह आणि गाइडची (व्हॉल्व्ह ज्यात सरकतो त्या नळीची) झीज वाढणारच. दरवर्षी मृगाच्या आधी हे आवरण उघडायचं, असं माळीमामांना दाखवून ठेवलं आहे.

पट्टा, बेअरिंग आणि बाकीची दुकानं

डेकचा पट्टा तडकलेला होता. परदेशातून मागवायचा तर महिनाभर वाट बघावी लागली असती. पण पट्टा मोजला तर रुंदी अर्धा इंच, म्हणजे आपल्या पिठाच्या गिरणीला आणि पंपाला चालतो तो ए सेक्शन. इथे लोक एक चूक करतात. अमेरिकी पट्ट्यावर बाहेरची लांबी लिहिलेली असते आणि आपल्याकडच्या ए नंबरात आतली. दोन्हींत साधारण दोन इंचांचा फरक असतो. बाहेरून १०० इंच असेल तर ए-९८ मागायचा. मोंढ्यातल्या पंपाच्या दुकानात पट्टा हजाराच्या आत मिळाला. या गाड्यांचे मूळ पट्टे क्लचसारखं घसरणं सोसायला बनवलेले असतात, तितका गिरणीचा पट्टा टिकणार नाही हे मी संस्थेला आधीच सांगितलं. एक जास्तीचा घेऊन ठेवायला लावला.

पात्यांच्या स्पिंडलची (पातं ज्यावर फिरतं त्या दांड्याची) बेअरिंग ६२०४ नंबरची निघाली. आतलं भोक २० मिमी, बाहेरून ४७, जाडी १४. कुठल्याही मोटार वाइंडिंगवाल्याच्या कपाटात हे असतं. चारही बदलली, दोन्ही बाजूंनी रबरी सीलची. काळ्या मातीचा चिखल डेकखाली असा बसतो की वाळल्यावर छिन्नीने काढावा लागतो. तो काढायला म्हणून लोक प्रेशरने पाणी मारतात आणि तेच पाणी बेअरिंगमध्ये शिरतं. लाकडी पट्टीने खरवडायचं आणि कोरड्या कुंच्याने झाडायचं, एवढंच पुरेसं आहे. डेकला एका जागी चीर होती, ती आतून पट्टी लावून वेल्डिंग केली. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या वायरी काढून ठेवल्या. टायरमध्ये वेड्या बाभळीचे काटे होते, तो विषय पंक्चरवाल्याकडे संपला. मागचा सीलबंद गिअरबॉक्स नीट चालत होता, त्याला हातही लावला नाही.

जिथे पैसे वाचवायचे नव्हते

दोन गोष्टींवर मी अडून बसलो.

पहिली, पाती. एका पात्याला टोकाजवळ तडा होता. लोहाराने वेल्डिंग करून देतो म्हटलं, कमानपाट्यातून नवी घडवून देण्याचीही तयारी दाखवली. तो कसबी माणूस आहे, त्याचे विळे-खुरपी मी स्वतः वापरतो. पण या पात्याचं गणित वेगळं आहे. अमेरिकेतल्या आन्सी (ANSI) या मानकसंस्थेच्या बी७१.१ या मानकात पात्याच्या टोकाच्या वेगाला मिनिटाला १९,००० फुटांची मर्यादा आहे, म्हणजे ताशी जवळपास ३५० किलोमीटर. त्या वेगाने तुटलेला तुकडा मैदानावर कुणाच्या दिशेने जाईल हे कुणाच्या हातात नाही, आणि हे शाळेचं मैदान आहे. दोन्ही पाती नवी, योग्य मापाची मागवली. साडेचार हजारांच्या वर गेली, संपूर्ण दुरुस्तीतला हा सगळ्यात मोठा आकडा. लोहाराकडे धार लावायला मात्र जरूर द्यावं. धार लावल्यावर पातं मधल्या भोकातून खिळ्यावर आडवं टांगून दोन्ही बाजू समतोल आहेत का बघायचं. जड बाजू खाली जाते, तिकडचं थोडं घासायचं.

दुसरी, सीटखालचा स्विच. चालवणारा माणूस पाती फिरत असताना सीटवरून उठला तर इंजिन बंद व्हावं म्हणून तो असतो. कुणीतरी तो आधीच डायरेक्ट करून टाकलेला होता. आमच्या ऑटो इलेक्ट्रिशियननेही सुचवलं की राहू द्या तसंच, कटकट मिटते. मी त्याला शांतपणे समजावलं: माळीमामा एकटे असतात, दांड्यात अडकलेलं गवत काढायला वाकतात, मैदानात पोरं धावत येतात. त्याने ऐकलं. वायरिंग मुळासारखं करून दिलं, ब्रेक पेडलचा आणि पात्याच्या लिव्हरचा स्विचही तपासून दिला. सीटचा नवा स्विच धरून त्याचे बाराशे झाले. कमी खर्चात दुरुस्ती हवी आहे म्हणून सुरक्षेची वायर तोडायची, हे मला कुठल्याही परिस्थितीत मान्य नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी हेच सांगतो.

हिशेब आणि पुढचं

पाती, बेअरिंग, पट्टा, कार्ब्युरेटरचा किट, तेल, प्लग, फिल्टर, फीलर गेज, बुलेटच्या मिस्त्रींची, इलेक्ट्रिशियनची आणि वेल्डिंगची मजुरी, सगळं धरून खर्च साडेतेरा हजारांच्या आसपास आला. माझी आणि मुलांची मेहनत यात नाही, ती आम्ही प्रात्यक्षिक म्हणून धरली. खासगी मालकाने एखाद्या जाणकाराला निदानाचे वेगळे पैसे द्यावे लागतील हे गृहीत धरावं. ते द्यावेतच, कारण निदानाशिवाय बॅटरी आणि स्टार्टरवर गेलेला संस्थेचा पैसा परत आलेला नाही.

कामाच्या वेळी एक कागद मी गाडीबरोबर फिरवला. वर इंजिनाचा नंबर, खाली प्रत्येकाकडून नेमकं काय हवंय. बुलेटच्या मिस्त्रींना फक्त टॅपेट, पंपाच्या दुकानाला फक्त पट्ट्याचं माप, इलेक्ट्रिशियनला फक्त स्विचचं वायरिंग. ‘गाडी बघा’ असं कुणालाच सांगितलं नाही. अख्खी अनोळखी गाडी समोर उभी केली की चांगला मिस्त्रीही बिचकतो; त्याच्या ओळखीचा भाग हातात दिला की तो निर्धास्त काम करतो. तो कागद आता शाळेच्या शेडमध्ये प्लॅस्टिकमध्ये घालून लावला आहे. त्याच्यावर दोन सूचना माळीमामांसाठी जोडल्या आहेत. हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालवायची, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा राहतो. आणि दरवर्षी जूनच्या आत टॅपेटचा गॅप मोजून तारखेसह लिहायचा.

मैदान मुक्तिसंग्राम दिनाआधी कापून झालं. सुरू करताना अजून थोडा निळसर धूर येतो, नंतर थांबतो. व्हॉल्व्ह गाइड झिजल्याचं ते लक्षण आहे. तेल किती कमी होतं याची नोंद ठेवायला सांगितली आहे. हंगामात तेल वरचेवर भरावं लागू लागलं तर हेड उतरवून संभाजीनगरच्या मशीनिंगवाल्याकडे गाइड बदलायला पाठवू. तेवढा खर्च ही गाडी अजून एकदा सोसू शकते. रिंग-पिस्टनही गेले तर मात्र मी संस्थेला त्या इंजिनावर पुढे पैसे घालू नका असंच सांगेन आणि डेक, चाकं, गिअरबॉक्स शाबूत ठेवून त्याच मापाचं जुनं चालू इंजिन शोधू. वाळूजच्या कारखान्यांच्या भंगाराच्या लिलावांवर सचिवांनी आत्तापासून लक्ष ठेवायला सुरुवात केली आहे.